रेडिओनं शंभर वादक पगारावर का ठेवायचे?

पुण्यातल्या एका तरुण व्हायोलिनवादकानं तीन प्रश्न एकत्र विचारलेत. बेथोवनच्या सिंफनींची वाटेल तेवढी रेकॉर्डिंगं फोनवर मिळत असताना बीबीसीसारख्या संस्थेनं लोकांच्या पैशातून स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा कशाला चालवायचा? आपल्या आकाशवाणीनं तसा का उभा केला नाही? आणि अशा ऑर्केस्ट्रात शिरायचं तर तयारी काय लागते?

मी व्हायोला वाजवते, म्हणजे व्हायोलिनची थोडी मोठी, खालच्या सुरांची बहीण. गिरगावात वाढले, व्हायोलिनचे पहिले धडे एका गोवेकर मास्तरांकडे गिरवले, पुढे मँचेस्टरला शिकले आणि नंतर पंचवीसेक वर्षं लंडनमध्ये फ्रीलान्स वाजवलं. त्यातला मोठा काळ रेडिओच्या ऑर्केस्ट्रांमध्ये ‘एक्स्ट्रा’ म्हणून गेला. कोणी आजारी पडलं, किंवा माहलरच्या सिंफनीसारखी अवाढव्य रचना असली आणि नेहमीचे वादक पुरेनात, की ज्यांना फोन जातो ते एक्स्ट्रा. कायमची खुर्ची मला कधी मिळाली नाही. पण सोमवारी तिकिटावर चालणारा ऑर्केस्ट्रा आणि बुधवारी रेडिओचा, असं दोन्हीकडचं पाणी मी प्यायले आहे, म्हणून हे लिहायचं धाडस करते.

आधी एक शब्द स्पष्ट करून घेऊ. आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की गणपतीत मांडवासमोर होणारा हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. मी बोलतेय तो वाद्यवृंद वेगळा: साठ-एक तंतुवाद्यं, त्यांच्या मागे लाकडी आणि पितळी फुंकवाद्यं, सगळ्यात मागे तालवाद्यं, समोर हातांनी लय देणारा कंडक्टर, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात लिहिलेलं संगीत. अशा वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना म्हणजे सिंफनी. आणि बीबीसी ही सरकारी संस्था नाही. तिचा पैसा घरटी भरल्या जाणाऱ्या परवाना शुल्कातून येतो. एप्रिल 2025 पासून ते वर्षाला 174 पौंड 50 पेन्स होतं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

तर पहिला प्रश्न. तुम्ही बेथोवनचं नाव घेतलंत, आणि बेथोवनपुरतं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. नुसती पाचवी सिंफनी ऐकवायला कोणत्याही रेडिओला ऑर्केस्ट्रा पाळायची गरज नाही. तो लागतो ते जे संगीत अजून कोणी तिकीट काढून ऐकणार नाही, ते वाजवायला. नीट तालमी करून, चांगल्या माइकपुढे, आणि ज्याला ऐकायचं त्याला घरबसल्या ऐकू येईल असं.

सुरुवातीला कारण वेगळं होतं. बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राची पहिली मैफल 22 ऑक्टोबर 1930 ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये झाली. कंडक्टर एड्रियन बोल्ट, वादक 114. त्या काळात तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार मिनिटं मावत. एक सिंफनी ऐकायची तर आठ-दहा वेळा तबकडी उलटायची. रेडिओला संगीत हवं असेल तर माणसं आणून बसवण्यावाचून इलाज नव्हता. त्यात लंडनमध्ये तेव्हा बदली वादकांची जुनी खोड होती. तालमीला एक वादक यायचा, मैफलीला दुसराच, कारण पहिल्याला मधल्या काळात कुठेतरी जास्त पैसे मिळालेले असायचे. 1904 साली हेन्री वुड या कंडक्टरच्या ऑर्केस्ट्रात ही पद्धत बंद करायला घेतली, तेव्हा बरेच वादक उठून गेले आणि त्यांनी स्वतःचा लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. 1927 मध्ये कंडक्टर फुर्टवेंगलर बर्लिन फिलहार्मोनिक हा आपला ऑर्केस्ट्रा घेऊन लंडनला आला, तेव्हा तोच संच रोज एकत्र वाजवतो म्हणजे काय होतं हे लोकांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. आपल्याकडे असं का नाही, हा सवाल त्यानंतर टळण्यासारखा नव्हता. बीबीसीनं वादकांना वर्षभराचा पगार आणि करार दिला, त्याची पार्श्वभूमी ही. पगार दिला की वादक तालमीला येतो. वाचायला साधी गोष्ट वाटेल. त्या शहरात तिनं सगळं बदललं.

पुढे ध्वनिमुद्रणाचं तंत्र सुधारलं, तरी दुसरं एक कारण टिकून राहिलं. ब्रिटनमध्ये ‘नीडल टाइम’ नावाचं बंधन होतं. रेकॉर्ड कंपन्यांशी झालेल्या करारानुसार बीबीसीला ठरावीक तासच बाजारातल्या तबकड्या वाजवता येत, आणि वादकांची संघटना या बंधनाच्या पाठीशी होती, कारण तबकडी वाजली की वादक घरी बसतो. उरलेले तास भरायला जिवंत वादक लागत. म्हणून बीबीसीकडे एके काळी सिंफनी ऑर्केस्ट्रांबरोबर हलकंफुलकं संगीत वाजवणारे कितीतरी छोटे-मोठे संच होते. हे बंधन 1988 मध्ये उठलं. म्हणजे तुमचा प्रश्न खरा धारदार झाला तो त्या वर्षापासून. आता रेकॉर्ड लावायला कोणाची आडकाठी नाही. मग?

मग 1936 ची एक गोष्ट सांगते, कारण माझं उत्तर तिच्यात आहे.

आल्बान बर्ग हा व्हिएन्नाचा संगीतकार डिसेंबर 1935 मध्ये वारला. मागे एक व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) ठेवून गेला, जो त्यानं अमेरिकी वादक लुई क्रास्नर याच्यासाठी लिहिला होता. पहिला प्रयोग 19 एप्रिल 1936 ला बार्सिलोनात ठरला आणि कंडक्ट करायचं होतं बर्गच्या जुन्या मित्रानं, आंतोन वेबर्ननं. वेबर्न अतिशय बारकाईनं काम करणारा माणूस. ताज्या दुःखात होता, तालमीचा वेळ थोडा, आणि तो वेळ त्यानं सुरुवातीच्याच काही बारांवर (बार म्हणजे लिहिलेल्या संगीतातला मात्रांचा एक छोटा खण) घालवला. शेवटी त्याच्यानं झालं नाही; तो बाजूला झाला आणि ऐनवेळी हेर्मान शेर्खेननं सूत्रं हाती घेतली. त्यानंतर बाराव्या दिवशी, 1 मे रोजी, लंडनमध्ये हीच रचना बीबीसीच्या ऑर्केस्ट्रानं वाजवली. व्हायोलिनवर क्रास्नर, आणि समोर वेबर्न.

लंडनमध्ये जमलं ते बार्सिलोनात का जमलं नाही? वादक लंडनचे जास्त हुशार होते असं मी म्हणणार नाही. त्यांना वेबर्न माहीत होता, हे कारण. 1929 पासून बीबीसी त्याला बोलावत होती, आणि त्यामागे एडवर्ड क्लार्क नावाचा कार्यक्रम आखणारा माणूस होता, जो स्वतः संगीतकार शोनबर्गचा, म्हणजे बर्ग आणि वेबर्नच्याच गुरूचा, शिष्य. शोनबर्गनं तिथे स्वतःची रचना कंडक्ट केली होती. 1934 मध्ये बोल्टनं बर्गचा ‘वोत्सेक’ हा आख्खा ऑपेरा मैफलीच्या रूपात करून रेडिओवर ऐकवला होता. म्हणजे 1 मे 1936 ला त्या खुर्च्यांवर बसलेल्या वादकांच्या बोटांना ही भाषा ठाऊक होती, आणि ती ठाऊक व्हायला पाच-सहा वर्षं लागली होती. त्या पाच-सहा वर्षांचा पगार कोणत्या तिकीट खिडकीनं दिला असता? याच सुमारास व्हिएन्नात वेबर्नची कामं एकेक करून बंद होत होती. ज्या कामगारांच्या मैफली तो चालवायचा त्या 1934 मध्ये राजकारणापायी संपल्या होत्या.

क्रास्नरनं त्या लंडनच्या प्रसारणाच्या तबकड्या करून ठेवल्या. कित्येक दशकांनी त्या बाहेर आल्या. आवाज खरखरीत आहे, मधूनमधून बुडतो. पण मित्राच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी वेबर्ननं ती लय किती संथ घेतली होती, हे आज ऐकू येतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेवटच्या भागातलं बाखचं कोराल, म्हणजे चर्चमधलं स्तोत्र, आल्यावर मला हातातलं काम बाजूला ठेवावं लागलं.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं थोडं.

लंडनमध्ये मेडा वेल नावाच्या वस्तीत डेलावेअर रोडवर एक लांबलचक बुटकी पांढरी इमारत आहे. 1909 मध्ये ती रोलर स्केटिंगसाठी बांधली होती, 1934 मध्ये बीबीसीनं तिथे स्टुडिओ केले. तिथला स्टुडिओ एक म्हणजे बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राचं अनेक दशकांचं घर. बाहेरून पाहिलंत तर गोदाम वाटेल. आत शिरलं की जुन्या लाकडाचा आणि गजाला लावायच्या रॉझिनचा वास. (ती इमारत 2023 मध्ये विकली गेली, ऑर्केस्ट्रासाठी पूर्व लंडनमध्ये स्ट्रॅटफर्डला नवी वास्तू ठरली. तिथे नवं काहीतरी उभं राहीलच, पण त्या खोलीची आठवण आली की गळा भरून येतो.)

तिथली नव्या रचनेची पहिली तालीम अशी असायची. स्टँडवर पार्ट, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाद्यापुरतं लिहिलेलं संगीत, ठेवलेले असतात, बऱ्याचदा संगीतकाराच्या संगणकावरून आदल्या आठवड्यात निघालेले. ही रचना जगात कोणीच ऐकलेली नाही, त्यामुळे ‘अमक्याच्या रेकॉर्डिंगमध्ये कसं आहे’ हे विचारायची सोय नाही. पहिल्या वाचनात निम्मं संगीत मोडून पडतं. संगीतकार बाजूच्या खुर्चीत स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं संगीत) मांडीवर घेऊन बसलेला असतो, चेहरा पांढराफटक. एकदा आम्हा व्हायोलांच्या पार्टमध्ये एक जागा होती: सतरा बार नुसती एक लांब खर्जातली नोट, म्यूट (आवाज दाबणारी चाप) लावून, आणि वर लिहिलेलं, ‘ऐकू येईल न येईल असं’. आम्ही वाजवलं. कंडक्टरनं थांबवलं. संगीतकार, तिशीतली मुलगी होती, उठून आमच्या मागच्या डेस्कपाशी आली आणि म्हणाली, मला वाटलं होतं हे धुक्यासारखं येईल, पण हे फ्रिजसारखं येतंय. आमच्या विभागप्रमुखानं सुचवलं, निम्म्यांनी बो, म्हणजे गज, ब्रिजजवळ (तारांखालच्या घोडीपाशी) घ्यायचा, निम्म्यांनी बोटांकडे, आणि सगळ्यांनी बोची दिशा एकाच वेळी बदलायची नाही. पुन्हा वाजवलं. तिनं पेन्सिलनं स्कोअरमध्ये लिहून घेतलं. छापील प्रतीत आता ती सूचना आहे.

एवढंसंच काम. पण त्याला वीस मिनिटं लागली, आणि ऐंशी माणसं ती वीस मिनिटं बसून राहिली. तिकिटावर चालणाऱ्या ऑर्केस्ट्रात तीन तासांच्या सेशनचे पैसे माणशी मोजले जातात. तिथे नवी रचना कार्यक्रमात असलीच तर दहा मिनिटांची असते, पुढे लगेच सगळ्यांच्या ओळखीचा पियानो कॉन्चेर्टो असतो, आणि व्हायोलांच्या एका नोटेवर वीस मिनिटं घालवणारा कंडक्टर पुढच्या वेळी बोलावला जात नाही. यात त्या ऑर्केस्ट्रांचा दोष नाही. भाडं भरायचं असतं.

माइकपुढे वाजवण्याची शिस्तही वेगळी. एका डेस्कवर दोघं बसतात; बाहेरच्या बाजूचा वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा पान उलटतो. सभागृहात पानाचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. स्टुडिओत मात्र टॉकबॅकवरून, म्हणजे नियंत्रणकक्षाशी जोडलेल्या स्पीकरवरून, प्रोड्यूसरचा आवाज येतो: फार सुंदर झालं, फक्त 112 व्या बारला व्हायोलांमध्ये कोणीतरी पान उलटलं, तेवढं परत घेऊ या. मग कोपरा आधीच दुमडून ठेवायला शिकायचं. म्यूट स्टँडवर ठेवताना टक्क वाजतो, म्हणून तिथे फडक्याचा तुकडा. दिवा लाल झाला की खुर्चीत हलायचं नाही. ही कामं कोणी शिकवत नाही, पण रेडिओचा ऑर्केस्ट्रा ऐकताना जी स्वच्छता जाणवते ती यातून येते. वादक, प्रोड्यूसर आणि ध्वनी सांभाळणारे वर्षानुवर्षं एकाच छपराखाली काम करतात. कुठल्या माइकला कुठली क्लॅरिनेट जास्त आवडते हेसुद्धा त्यांना पाठ असतं.

हे फक्त ब्रिटनचं नाही. जर्मनीत तर महायुद्धानंतर देश उभा करताना प्रत्येक प्रादेशिक रेडिओनं आपापला ऑर्केस्ट्रा उभा केला: हॅम्बुर्गमध्ये 1945, म्युनिकच्या बव्हेरियन रेडिओचा 1949. नाझींनी ज्या संगीतकारांवर बंदी घातली होती ते पुन्हा ऐकवायचे, हे काम म्युनिकमध्ये कार्ल आमाडेउस हार्टमाननं 1945 पासूनच ‘मुझिका व्हिवा’ या मैफलींतून सुरू केलं होतं, आणि पुढे ते रेडिओच्या आधारानं चाललं. बारा वर्षं एका आख्ख्या पिढीच्या कानांपासून जे लपवलं गेलं, ते परत द्यायचं होतं. मार्च 1958 मध्ये कोलोनच्या रेडिओ ऑर्केस्ट्रानं स्टॉकहाउझनचं ‘ग्रुप्पेन’ पहिल्यांदा वाजवलं: श्रोत्यांच्या तीन बाजूंना तीन ऑर्केस्ट्रा, एकूण 109 वादक, तीन कंडक्टर, आणि तिघांची लय वेगवेगळी. ते तीन कंडक्टर म्हणजे स्वतः स्टॉकहाउझन, बुलेझ आणि मादेर्ना, तिघेही संगीतकार. नफ्यातोट्याचा हिशेब करणाऱ्या कोणीही असल्या रचनेला हो म्हटलं नसतं. जपानमध्ये एनएचके या प्रसारण संस्थेचा, फिनलंडमध्ये फिनिश रेडिओचा, पोलंडमध्ये काटोवित्सेचा रेडिओ ऑर्केस्ट्रा, प्रत्येकानं आपापल्या देशातल्या संगीतकारांना असंच घर दिलं.

रोजची कामंही असतात, आणि ती कमी मोलाची मुळीच नाहीत. प्रॉम्स नावाचा उन्हाळी महोत्सव 1927 पासून बीबीसी चालवते. जवळजवळ आठ आठवडे रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रोज मैफल, प्रत्येक मैफल बीबीसीच्या रेडिओ थ्री या वाहिनीवर थेट, आणि उभं राहून ऐकायला तयार असाल तर तिकीट एखाद्या साध्या जेवणाइतक्या पैशांत. पहिली आणि शेवटची रात्र बीबीसी सिंफनीची. कार्डिफचा वेल्सचा राष्ट्रीय ऑर्केस्ट्रा ‘डॉक्टर हू’ या मालिकेचं संगीत वाजवतो, म्हणजे जी मुलं जन्मात मैफलीला जाणार नाहीत त्यांच्याही कानांवर खरा ऑर्केस्ट्रा पडतो. 2014 पासून शाळांसाठी ‘टेन पीसेस’ हा ऑर्केस्ट्राच्या संगीताची ओळख करून देणारा उपक्रम चालू आहे. मी स्वतः एका शाळेत गेले होते तेव्हा सात-आठ वर्षांच्या एका मुलानं व्हायोलाच्या पोटाला कान लावला आणि मी सी तार वाजवली. तो कान काढेचना.

पैशाबद्दल बोलायलाच हवं, कारण ही व्यवस्था कायम दुधारी आहे. जो लोकांच्या पैशातून पगार घेतो त्याचा पगार बंद करणं ही एका बैठकीची गोष्ट असते. 1980 मध्ये बीबीसीनं पाच ऑर्केस्ट्रा बंद करायचा प्रस्ताव आणला. वादकांनी संप केला, प्रॉम्सच्या सुरुवातीच्या मैफली बुडाल्या, आणि ग्लासगोचा स्कॉटिश सिंफनी ऑर्केस्ट्रा वाचला. सगळे नाही वाचले. कॅनडाच्या सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं 2008 मध्ये व्हँकुव्हरचा रेडिओ ऑर्केस्ट्रा बंद केला. डेन्मार्कच्या रेडिओनं 2014 मध्ये आपला चेंबर ऑर्केस्ट्रा मोडला. जर्मनीत श्टुटगार्टचा आणि बाडेन-बाडेन व फ्रायबुर्गचा हे दोन ऑर्केस्ट्रा 2016 मध्ये एकत्र केले, आणि नव्या संगीताचे ढीगभर पहिले प्रयोग नावावर असलेल्या बाडेन-बाडेन व फ्रायबुर्गच्या ऑर्केस्ट्राचं वेगळं अस्तित्व संपलं. मार्च 2023 मध्ये बीबीसीनं बीबीसी सिंगर्स हा 1924 पासूनचा गायकवृंद बंद करायचं आणि इंग्लंडमधल्या तीन ऑर्केस्ट्रांतल्या पगारी जागा वीस टक्क्यांनी कमी करायचं जाहीर केलं. दीड लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या आणि त्याच महिन्यात गायकवृंदाबाबतचा निर्णय थांबवावा लागला. ऐन त्या दिवसांत माझ्या ओळखीचे लोक तालमीला येत होते, वाजवत होते, आणि मध्यंतरात कोणी बोलत नव्हतं.

ग्रीसचं तर आठवलं तरी पोटात गोळा येतो. 11 जून 2013 ला सरकारनं ईआरटी ही आख्खी सार्वजनिक प्रसारण संस्था बंद केल्याचं सांगितलं, आणि त्याच रात्री प्रक्षेपण तुटलं. काही दिवसांनी तिथल्या ऑर्केस्ट्रानं आणि गायकवृंदानं निरोपाचा कार्यक्रम केला. त्याची चित्रफीत जगभर फिरली: वादक वाजवताहेत आणि गालांवरून पाणी वाहतंय. संस्था 2015 मध्ये पुन्हा सुरू झाली. पण दोन वर्षं मोडलेला संच नुसती पगारपत्रकं चालू केली म्हणून पूर्वीसारखा वाजत नाही. ऑर्केस्ट्राला स्वतःचा असा आवाज असतो, तो शेजारच्याचा श्वास ओळखण्यातून येतो, आणि तो कुठल्याही कपाटात ठेवता येत नाही.

आता या संस्थांमधलं जे मला खटकतं तेही सांगते, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. पहिल्या प्रयोगाचा सोस फार. ‘जगात प्रथमच’ असं छापता येतं, म्हणून नव्या रचनेला पहिला प्रयोग मिळतो. दुसरा मात्र कित्येकांना कधीच मिळत नाही. मी वाजवलेल्या नव्या रचनांपैकी फारच थोड्या मला पुन्हा कुठे भेटल्या. दुसरी गोष्ट, रेकॉर्डिंगं साधारण महिनाभर ऐकायला ठेवतात आणि मग ती पुराभिलेखात जातात. लोकांच्या पैशातून झालेलं काम लोकांना कायम ऐकू यायला हवं. हक्कांचे प्रश्न किचकट आहेत हे मला माहीत आहे, पण ते सोडवण्यात जेवढी चिकाटी दिसायला हवी तेवढी मला दिसली नाही.

आकाशवाणीचं काय? इथे थोडं थांबते, कारण हा आपल्या घरचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर ‘काहीच केलं नाही’ असं नाही.

मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग चांगला नांदता होता. वॉल्टर काउफमान हा कार्ल्सबादचा ज्यू संगीतकार 1934 मध्ये मुंबईला आला, आणि 1937 ते 1946 या काळात त्यानं केंद्रावरचं युरोपीय संगीत सांभाळलं. पहाटे केंद्र उघडताना वाजणारी आकाशवाणीची ओळखधून त्याची. तानपुऱ्याच्या सुरावर येणारं ते व्हायोलिन मेहली मेहता यांचं, असं सांगतात. मेहलींनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता; झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. म्हणजे माणसं होती, कसब होतं. पण स्वातंत्र्यानंतर इंग्रज श्रोते गेले आणि नोटेशन वाचणाऱ्या गोवेकर वादकांना हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंत रोजचं काम मिळू लागलं. ते योग्यच होतं; त्यांची घरं त्यावर चालली.

आणि धोरण ठरवायला आला पुण्याचा माणूस. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 ते 1962 नभोवाणी मंत्री होते. त्यांनी चित्रपटगीतं रेडिओवरून जवळपास हद्दपार केली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, हे सगळ्यांना आठवतं, आणि तो निर्णय मलाही चुकीचा वाटतो. पण त्याच काळात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रेडिओ संगीत संमेलनं सुरू झाली, आणि 1952 मध्ये दिल्लीला आकाशवाणीचा वाद्यवृंद उभा राहिला. रविशंकर त्याचे पहिल्या काळातले रचनाकार, पुढे पन्नालाल घोष, आणि साठच्या दशकात अनिल विश्वास. सतार, सरोद, बासरी, सारंगी, व्हायोलिन एकत्र आणून लिहिलेलं भारतीय संगीत वाजवायचं, हा फार अवघड प्रयोग होता. आपलं रागसंगीत फुलतं ते एकट्या कलावंताच्या उपजेतून. ते वीस जणांनी एकसारखं वाजवायचं ठरवलं की रागाचा प्राण सांभाळणं कठीण. मला त्यातल्या थोड्याच रचना मनापासून आवडतात. तरी प्रयोग व्हायला हवा होता, आणि तो रेडिओखेरीज कोणी केला असता असं वाटत नाही.

पण बीबीसीनं जे काम ऑर्केस्ट्राकडून करून घेतलं, ते आकाशवाणीनं खरं म्हणजे स्टाफ आर्टिस्टांकडून, म्हणजे केंद्रांवरच्या पगारी कलावंतांकडून, करून घेतलं. संस्थानं गेली, दरबारांचा आश्रय संपला, तेव्हा महिन्याचा पगार आणि ठरलेलं प्रसारण यांनी कितीतरी गवयांना आणि साथीदारांना जगवलं. सारंगीसारख्या वाद्याला तर या नोकरीचा मोठाच आधार झाला. अनवट राग अर्धा तास शांतपणे मांडायला मिळायचा, तिकीट खपतंय का ही चिंता नसायची. आजोळी सकाळी रेडिओ लागला की आजी चहाचं आधण गॅसवर ठेवून तशीच उभी राहायची, राग ओळखेपर्यंत. तिनं आयुष्यात एकाही मैफलीचं तिकीट काढलं नव्हतं. म्हणून सिंफनी ऑर्केस्ट्रा नाही याची मला आकाशवाणीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती स्टाफ आर्टिस्टांच्या जागा रिकाम्या होत गेल्या आणि भरल्या गेल्या नाहीत याची. मुंबईत 2006 पासून एनसीपीए या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि तो चांगला वाजवतो, पण तो खासगी आधारावर उभा आहे आणि त्यात परदेशी वादक पुष्कळ आहेत. त्याची गणितं वेगळी.

आता तुमचा तिसरा प्रश्न, तयारीचा. निवडचाचणीला व्हायोलिनसाठी मोझार्टच्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग आणि ऑर्केस्ट्रातल्या अवघड जागा मागतात. श्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चं पहिलं पान आणि मोझार्टच्या 39 व्या सिंफनीचा शेवटचा भाग हे जवळजवळ ठरलेलेच. पुष्कळ ठिकाणी पहिली फेरी पडद्याआड असते, त्यामुळे नाव, चेहरा, देश काही दिसत नाही. ब्रिटनमध्ये चाचणीनंतर ‘ट्रायल’ असते: काही आठवडे, कधी कधी काही महिने, तुम्हाला प्रत्यक्ष बसवून पाहतात. तिथे सुंदर वाजवण्याइतकंच शेजारच्यात मिसळून वाजवणं बघितलं जातं. पान वेळेवर उलटता का, कंडक्टर बोलत असताना बोटं चालवत बसता का, पेन्सिल स्वतःची आणता का, हेही.

रेडिओसाठी सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते नोटेशन पाहता क्षणी वाजवता येणं. रोज वीस मिनिटं कधीही न पाहिलेलं पान उघडायचं, मेट्रोनोम लावायचा आणि चूक झाली तरी थांबायचं नाही. पाच मात्रांत सात स्वर, सात मात्रांत चार अशा गटांची भीती आपल्याला वाटू नये. ज्यानं लहानपणी तबल्याबरोबर तिश्र-चतुश्र मोजलंय त्याला ती इतरांपेक्षा कमीच वाटते. माझ्या शेजारी बसणाऱ्या इंग्रज बाई मला नेहमी विचारायच्या, हे सात तू कसे मोजतेस? मी त्यांना रूपक शिकवला, मांडीवर टाळी देऊन. पुढे अवघड जागा आली की आम्ही दोघी मनातल्या मनात ‘ती ती ना’ म्हणत असू, आणि बो बरोबर एकदम खाली यायचा.